टर्कीचा पहिला कॉल कोणता घ्यावा, आणि घेतल्यावर किती वाजवावा

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की पेनसिल्व्हेनियात येऊन तुम्हाला काही वर्षं झाली, हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण झालाय आणि येत्या मे महिन्यात ऑफिसातले दोघे जण तुम्हाला स्प्रिंग गॉबलरच्या, म्हणजे वसंतातल्या नर टर्कीच्या, शिकारीला नेणार आहेत. स्वतःचा एक कॉल, म्हणजे टर्कीचा आवाज काढायचं साधन, घेऊन ये, असं त्यांनी सांगितलं. तुम्ही दुकानात गेलात तर अख्खी भिंत कॉलनी भरलेली: लाकडी पेट्या, तबकड्या, तोंडात धरायच्या पट्ट्या, बटणवाले. शेवटी काहीच न घेता परत आलात. आता पहिला कॉल कोणता घ्यावा, अपार्टमेंटमध्ये शेजाऱ्यांना त्रास न देता सराव कसा करावा आणि रानात तो किती वेळा वाजवावा, हे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. स्लेटचा पॉट कॉल घ्या, म्हणजे पाटीच्या दगडाची चकती बसवलेली गोल डबी, सोबत ती घासायला हिकरीच्या लाकडाची एक काडी, म्हणजे स्ट्रायकर, आणि पहिल्या हंगामात त्यावर तीनच आवाज काढायला शिका. पण तुमची खरी अडचण कॉल निवडण्याची आहे असं मला वाटत नाही. दुकानातली ती भिंत बघून माणसाचा समज होतो की भारी कॉल घेतला, त्यातून हुबेहूब मादीचा आवाज काढला, की नर धावत येतो. मी बरीच वर्षं इथल्याच डोंगरांत ही शिकार करतोय आणि नवख्यांना बरोबर नेतो. बहुतेकांचा आवाज कामापुरता चांगला असतो. तरीही पक्षी येत नाही, कारण ते चुकीच्या जागी बसलेले असतात, नको त्या वेळी वाजवतात किंवा नको तितकं वाजवतात. म्हणून कॉलबद्दल लिहितोच, पण तो खाली कधी ठेवायचा याबद्दल जास्त लिहिणार आहे.

आधी पक्ष्याचं वागणं समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप सुसंगत वाटेल. टर्की रात्री झाडावर असतात. वसंतात नर उजाडायच्या आधी फांदीवरूनच गॉबल करायला, म्हणजे हाका द्यायला लागतो, आणि शांत सकाळी ती हाक मैलभर जाते. निसर्गातला रिवाज असा की नराने हाक द्यायची आणि माद्यांनी त्याच्याकडे चालत जायचं. आपण मादीचा आवाज काढून त्याला नेमकं उलटं करायला सांगत असतो. त्यामुळे तुमचा आवाज ऐकून तो खूश झाला तरी पुष्कळदा जागीच पिसारा फुलवून उभा राहतो आणि ही येईल म्हणून वाट बघतो. त्यात त्याची नजर फार तीक्ष्ण. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान जराशी वळवली की त्याला सगळीकडचं दिसतं, रंगही नीट दिसतात. वासाचं मात्र त्याला जवळजवळ काही कळत नाही, त्यामुळे हरणाच्या शिकारीत करतात तशी वाऱ्याची दिशा सांभाळावी लागत नाही. आणि कान असे, की एकदा ऐकलेला आवाज नेमका कुठल्या झाडापाशी झाला हे लक्षात ठेवून तो अर्ध्या तासाने त्याच झाडाकडे चालत येतो.

या शेवटच्या गोष्टीतच सगळं आलं. तुमचा आवाज त्याने एकदा ऐकला, उत्तर दिलं, म्हणजे तुम्ही कुठे आहात हे त्याला कळलेलं आहे. त्यानंतर वाजवलेला प्रत्येक सूर त्याला सांगतो की ही मादी उत्सुक आहे, अजून तिथेच आहे, थांबलो तर तीच येईल.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. टेक्सास किंवा नेब्रास्काच्या उघड्या माळावर रिओ ग्रँड जातीच्या टर्कीसाठी दूरवर जाणारा मोठा आवाज लागतो, वारंही जोरात असतं. तिथे राहत असतात तर आधी बॉक्स कॉल घ्या म्हटलं असतं. तुमच्याकडे ईस्टर्न जात आहे, ओकची जंगलं आहेत, चढउतार आहेत, मे महिन्याच्या मध्यापर्यंत पालवी दाट होते. इथे बहुतेक वेळा पक्षी जवळ येईपर्यंत दिसतच नाही, त्यामुळे हळू आवाजांना किंमत जास्त. तुम्ही धनुष्याने शिकार करणार असाल तर दोन्ही हात मोकळे हवेत, मग गणित बदलतं. लेटेक्सची ॲलर्जी असेल तर तोंडात धरायचे कॉल बादच. आणि सरकारी जमिनीवर जाणार असाल तर तिथल्या पक्ष्यांनी एप्रिलपासून बरेच बेसूर कॉल ऐकलेले असतात, ते लवकर सावध होतात.

एकेका प्रकाराकडे वळू. बॉक्स कॉल म्हणजे लांबट लाकडी पेटी आणि वर एका स्क्रूवर फिरणारं झाकण, त्याची दांडी धरून झाकण पेटीच्या कडेवर घासायचं. आर्कान्सामधल्या डार्डनेल गावच्या हेन्री गिब्सन यांनी 1897 मध्ये याचं पेटंट घेतलं आणि रचना आजही जवळपास तीच आहे. शिकायला सोपा, आवाज मोठा, वाऱ्यातही पोचतो. झाकणाला खडू लावावा लागतो, तोही बिनतेलाचा, बॉक्स कॉलसाठी म्हणून विकतात तोच. ओला झाला की मुका होतो. झाकण खिशात आपोआप हललं तरी कुंई करून ओरडतो, म्हणून रबरबँड लावून ठेवायचा. आणि वाजवताना हाताची हालचाल दिसते. दुसरा कॉल म्हणून उत्तम.

बटणवाला कॉल, म्हणजे दांडी दाबली की आवाज येतो तो, सगळ्यांत सोपा. मुलांच्या हातात मी तोच देतो. हळू क्लक आणि पर्र (हे आवाज पुढे समजावतो) त्यातून छान निघतात. पण आवाजाचे चढउतार मोजकेच मिळतात, म्हणून मोठ्या माणसाने त्यावर अडकून राहू नये. हाडाचा विंगबोन कॉल आणि ट्यूब कॉल सध्या सोडून द्या. विंगबोन मूळ अमेरिकी लोकांपासून चालत आलेला आहे, टर्कीच्याच पंखाच्या हाडांचा असतो, आणि ज्याला तो जमतो त्याचा आवाज ऐकत राहावासा वाटतो. पण त्याला वेळ द्यावा लागतो.

तोंडातला कॉल, म्हणजे डायफ्रॅम: घोड्याच्या नालासारखी ॲल्युमिनियमची छोटी चौकट, त्यावर ताणलेले लेटेक्सचे पातळ पडदे, भोवती टेप. टाळूला चिकटवून जिभेने दाब द्यायचा आणि पोटातून हवा सोडायची. हात मोकळे राहतात, ओठही हलत नाहीत, पक्षी समोर असताना यासारखं दुसरं साधन नाही. पण बहुतेकांना सुरुवातीला उलटीची उबळ येते आणि आठवडाभर नुसती हवा फुसफुसते. दोन पडद्यांचा, साधा कापाचा, छोट्या चौकटीचा स्वस्तातला एक आत्ताच घेऊन ठेवा आणि गाडीत ऑफिसला जाता-येता वाजवा. टेप टाळूला मोठी होत असेल तर कात्रीने कडेने थोडी थोडी कापता येते. या मेमध्ये त्याच्यावर भिस्त ठेवू नका, पुढच्या वर्षी कामाला येईल. वापरून झाला की साध्या पाण्याने धुवा, पडद्यांच्या मधे टूथपिक घालून वाळवा आणि उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर अजिबात ठेवू नका.

पॉट कॉलवर मात्र सविस्तर बोलतो, कारण तो तुम्ही घेणार आहात. तळहातात मावेल अशी गोल डबी, वर स्लेटची, काचेची किंवा ॲल्युमिनियमची चकती, खाली आवाजासाठी भोकं. पेन्सिलीएवढ्या काडीने, म्हणजे स्ट्रायकरने, चकती घासायची. काच आणि ॲल्युमिनियमचा आवाज तीक्ष्ण, लांब जाणारा, स्लेटचा मऊ. स्लेट चुका पोटात घालते, म्हणून ती आधी. वीस-तीस डॉलरमध्ये चांगला मिळतो. शंभर डॉलरचे हाताने घडवलेले कॉल सुंदर असतात, पण तुमच्या पहिल्या हंगामात त्याने काही फरक पडणार नाही.

नवीन चकती गुळगुळीत असते आणि स्ट्रायकर नुसता घसरतो. पूर्वी पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यायचे, तसंच हे: पृष्ठभाग खरबरीत असेल तरच पकड येते. भांडी घासायची हिरवी घासणी घ्या, आणि चकतीच्या कडेलगतच्या एका छोट्या भागावर एकाच दिशेने घासा. गोल गोल नाही. मग स्ट्रायकर त्या रेघांना आडवा चालला पाहिजे. काच असेल तर सँडपेपर लागतो. स्ट्रायकरचं टोकही तसंच हलकं घासून घ्या. घासल्यावर चकतीला बोट लावायचं नाही, कातडीचं तेल लागलं की तो भाग मुका होतो. माझ्या खिशात घासणीचा एक तुकडा कायम असतो, कारण पहाटेच्या दमट हवेत दर थोड्या वेळाने चकतीवर घासणी फिरवावी लागते.

डबी मुठीत धरू नका. बोटांच्या टोकांवर, कडेला धरा, म्हणजे खालची भोकं मोकळी राहतील. तळहाताची वाटी खाली कमी-जास्त केली की आवाज बदलतो, ते करून बघा. स्ट्रायकर पेन्सिलीसारखा धरा, टोकाच्या जरा वर, आणि तुमच्याकडे किंचित कलता. तो चकतीवरून उचलायचाच नाही. यल्प काढताना छोटा लंबगोल गिरवायचा, एका रुपयाच्या नाण्याहून मोठा नको. गोलाच्या एका बाजूला आवाज येतो, दुसऱ्या बाजूने गप्प परत यायचं. कडेच्या जवळ सूर उंच, मध्याकडे खाली. एक-दीड सेंटिमीटर आत जी जागा सगळ्यांत छान बोलते ती शोधून ठेवा. प्रत्येक डबीत ती वेगळी असते.

आता तीन आवाज.

यल्प हा मूळ आवाज. मादीची साधी बोली, "मी इथे आहे, तू कुठे आहेस". एका यल्पमध्ये दोन भाग असतात, वरचा स्वच्छ सूर आणि लगेच मोडून खाली येणारा घोगरा सूर: कीऽ-याॅक, कीऽ-याॅक, कीऽ-याॅक. चार ते सात, एकसारख्या अंतराने. हे अंतर म्हणजे लय, आणि सगळं तिच्यातच आहे. रानात खऱ्या माद्या ऐका, एखादीचा आवाज इतका भसाडा असतो की स्पर्धेत ती शेवटची यावी. पण लय चुकत नाही. नरालाही सुराचं फारसं नाही, लयीचं आहे. सुरावर महिना घालवण्यापेक्षा लयीवर आठवडा घालवा.

क्लक म्हणजे एकच तुटक ठोका: टक्. स्ट्रायकरवर थोडा दाब देऊन अर्धा सेंटिमीटर झटका. एक, मग थांबून दुसरा, अंतर मुद्दाम विषम ठेवायचं. निवांत चरणारी मादी असा आवाज करते. याचाच एक भाऊबंद आहे, पट्ट, जास्त कोरडा आणि तीक्ष्ण. तो धोक्याचा इशारा असतो. समोरच्या पक्ष्याने मान ताणून तसा आवाज केला तर त्याने तुम्हाला पाहिलं असं धरून चाला. म्हणून क्लक कधीही जोरात, घाईघाईने एकामागून एक काढू नका.

पर्र म्हणजे समाधानाचा आवाज, अगदी हळू. स्ट्रायकर जवळजवळ स्वतःच्या वजनानेच, संथ सरळ रेषेत ओढायचा. तो चकतीवर थरथरत उड्या मारत जातो आणि र्र्र्र असा मऊ आवाज येतो. क्लक आणि पर्र एकत्र केले की चरणारी मादी तयार. नर साठ-सत्तर यार्डांवर येऊन अडला की मला या जोडीचा जेवढा उपयोग झालाय तेवढा दुसऱ्या कशाचा नाही.

कटिंग, कॅकल, की-की वगैरे यादी तुम्हाला व्हिडिओंत दिसेल. कटिंग म्हणजे भराभर विस्कळीत क्लक, उत्तेजित मादीचे, पुढे शिका. की-की ही मुख्यतः शरद ऋतूत कळपातून चुकलेल्या पिल्लांची हाक आहे, मे महिन्यात तिची गरज नाही. आणि नराचा गॉबल काढणारा कॉल दुकानात असतो, तो सरकारी जमिनीवर कृपा करून वाजवू नका. त्या आवाजाच्या दिशेने दुसरा शिकारी बंदूक घेऊन येऊ शकतो.

सरावाचं सांगतो. कान आधी तयार करा, हात नंतर. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेच्या मर्लिन ॲपवर खऱ्या जंगली टर्कींची रेकॉर्डिंग फुकट मिळतात, आणि नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशनच्या संकेतस्थळावर एकेका आवाजाचा नमुना अर्थासकट आहे. स्पर्धेतल्या माणसांचे व्हिडिओ बघण्याआधी हे ऐका. मग रोज दहा मिनिटं, एवढंच. फोनवर स्वतःचं रेकॉर्ड करा, खऱ्या मादीच्या लगेच पाठोपाठ लावून ऐका. लय कुठे घसरते ते स्वतःलाच कळतं. अपार्टमेंटचा प्रश्न स्लेटमुळे बराच सुटतो. पर्र आणि क्लक इतके हळू असतात की शेजारच्या खोलीतही जेमतेम ऐकू जातात, ते घरात करा. यल्पसाठी गाडीत बसून काचा वर करा, नाहीतर एखाद्या पार्कच्या रिकाम्या पार्किंगमध्ये जा. एकच पथ्य पाळा: हंगामाच्या आधी जागा बघायला रानात जाल तेव्हा तिथे टर्कीचा कॉल वाजवू नका. पक्ष्याला उगाच शहाणं करण्यात अर्थ नाही. नर कुठे आहेत ते ऐकायचं असेल तर घुबडाचा किंवा कावळ्याचा आवाज काढा. मोठा अचानक आवाज झाला की नर न राहवून गॉबल करतो, गाडीचं दार आपटलं तरी करतो.

आता तुमचा तिसरा प्रश्न, किती वाजवायचं. एक सकाळ डोळ्यांसमोर आणू. अंधारात तुम्ही डोंगराच्या धारेवर उभे आहात, खालच्या बाजूला नर गॉबल करतोय. त्याच्या झाडापासून शंभर-दीडशे यार्डांवर, शक्यतो त्याच्याच पातळीवर किंवा थोडं वर जाऊन बसा. त्याच्या-तुमच्यामध्ये ओढा, कुंपण, दाट झुडूप, खोल घळ असू नये. अशा अडथळ्यापाशी तो येतो आणि अडतो. आणखी एक गोष्ट, जी मी बरोबरच्या प्रत्येकाला जागेवर उभं करून दाखवतो: तो आवाजाच्या दिशेने येतो आणि मादी जिथून दिसायला हवी तिथपर्यंतच येतो. मादी दिसली नाही की त्याला शंका येते. म्हणून अशी जागा निवडा की तो दिसेल तेव्हा तो चाळीस यार्डांच्या आत असेल. जमिनीचा उंचवटा, जुन्या रस्त्याचं वळण, यांच्या अलीकडे. समोर दोनशे यार्डांचं मोकळं शेत दिसतंय म्हणून छान वाटतं, पण तो त्या शेताच्या पलीकडच्या काठावर उभा राहून इकडे बघत बसेल.

तो अजून फांदीवर असताना दोन-तीन अगदी दबक्या यल्प. त्याने उत्तर दिलं तर पुन्हा वाजवू नका. झाडावर असतानाच त्याच्याशी गप्पा मारत बसलात तर तो तिथेच बसून मादी खाली दिसायची वाट बघतो. पंखांची फडफड ऐकू आली, तो उतरला, की मग चार-पाच यल्प साध्या आवाजात. उत्तर आलं आणि दुसरं उत्तर आधीपेक्षा जवळून आलं, की कॉल मांडीवर ठेवून द्या आणि बंदूक गुडघ्यावर घ्या. तो येतोय. येणाऱ्या पक्ष्याला पुन्हा बोलावू नये.

उत्तरं येताहेत पण एकाच जागेवरून, असं झालं तर दहा-पंधरा मिनिटं पूर्ण गप्प राहा. मग क्लक आणि पर्र, तेही तोंड फिरवून, मादी दूर जातेय असं वाटेल असे. त्यासोबत हाताने वाळलेली पानं ओढा: एक ओढ, मग पाठोपाठ दोन, मग थांबायचं. चरणारी टर्की पायाने पाचोळा असाच उकरते, आणि हा आवाज कुठल्याही दुकानात मिळत नाही. पुष्कळदा तो गॉबल करणं बंद करतो आणि नवखा माणूस निराश होऊन उठतो. उठू नका. गप्प झालेला नर गेलेला असेलच असं नाही, तो चालत येत असेल. कान देऊन ऐका, जवळ आल्यावर फुस्स असा श्वास आणि त्यामागोमाग छातीत जाणवणारा खोल घुमारा येतो. नर पिसारा फुलवताना तो आवाज करतो. तो ऐकू आला म्हणजे पक्षी बंदुकीच्या टप्प्यात किंवा त्याच्या अगदी काठावर आहे, तेव्हा पापणीसुद्धा जपून हलवा.

काहीच उत्तर नसेल तर दर वीस-पंचवीस मिनिटांनी एकदा चार-पाच यल्प, आणि एका जागी निदान तासभर. पहाटे माद्या नराजवळ असतात, तेव्हा तुमच्याकडे कोण लक्ष देणार? पण नऊ-दहाच्या सुमारास त्या अंडी घालायला किंवा उबवायला घरट्याकडे निघून जातात आणि नर एकटा पडतो. पहाटे ज्याने दाद दिली नाही तोच तेव्हा हाकेसरशी येतो. बहुतेक लोक आठ वाजता नाश्त्याला निघून जातात. हंगामाच्या पहिल्या भागात पेनसिल्व्हेनियात शिकार दुपारी बारापर्यंतच असते, त्या वेळेचा पुरा उपयोग करा.

सुरक्षेच्या बाबतीत मी कुणाचीही भीड ठेवत नाही, कारण या शिकारीत माणूस पक्ष्याचा आवाज काढत लपून बसलेला असतो. अंगावर, मोज्यावर, रुमालावरसुद्धा लाल, पांढरा, निळा रंग नको. नराच्या डोक्याचे रंग तेच आहेत. खांद्यापेक्षा रुंद झाडाला पाठ टेकून बसा. दुसरा शिकारी येताना दिसला तर हात हलवू नका, कॉल वाजवू नका, मोठ्याने माणसाच्या आवाजात "मी इथे आहे" असं इंग्रजीत ओरडा. त्या सकाळचा पक्षी गेला तरी चालेल. ऐकलेल्या आवाजाच्या मागे कधीही दबक्या पावलांनी जाऊ नका. या राज्यात वसंतातली टर्की फक्त बोलावूनच मारता येते, पाठलाग बेकायदाच आहे. इलेक्ट्रॉनिक कॉलही चालत नाही. फक्त दाढीवाला पक्षी, म्हणजे छातीवर केसांसारखा झुपका असलेला, आणि तो स्पष्ट दिसल्याशिवाय बोट ट्रिगरकडे जाता कामा नये. हे नियम दरवर्षी गेम कमिशनच्या, म्हणजे राज्याच्या शिकार खात्याच्या, पुस्तिकेत वाचून घ्या, तारखा बदलतात. झाडाखाली बसणार म्हणजे गोचीड आलीच, लाइम रोग इथे सर्रास आहे. कपड्यांना परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवा आणि घरी आल्यावर अंग नीट तपासा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण आपल्यातल्या अनेकांना लागू आहे. तुम्ही एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल, ग्रीन कार्ड अजून झालं नसेल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मूळात मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. म्हणजे परवाना हातात येण्याआधी सहकाऱ्याची बंदूक नुसती नेम धरून बघायलासुद्धा घेऊ नका, आणि परवान्याची मुदत कधी संपते याकडे लक्ष ठेवा. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या.

आणि त्या दोघांशी आधी बोलून घ्या की कॉल कोण करणार. तिघांनी तीन कॉल काढले तर गोंधळ होतो. माझा आग्रह असा की पहिल्या सकाळी तुम्ही पुढे बसावं आणि त्यांच्यातला अनुभवी माणूस तुमच्या मागे वीस-तीस यार्डांवर बसून वाजवेल. नर मागच्या आवाजाकडे बघत येतो आणि अडला तरी तुमच्या समोर अडतो. उजव्या हाताने बंदूक चालवत असाल तर डावा खांदा त्याच्या दिशेला ठेवून बसा, म्हणजे बंदूक फिरवायला जास्त जागा मिळते. डावखुरे असाल तर उलट. तुमचा स्लेट बरोबर असू द्या, मागचा माणूस थांबला आणि पक्षी जवळच कुठेतरी अडलेला असला तर एखादा क्लक तुम्हालाच काढावा लागेल.

तुम्ही गेम लँडवर, म्हणजे शिकारीच्या सरकारी जमिनीवर, जाणार की कुणाच्या शेतावर, आणि तो भाग डोंगराळ आहे की सपाट, ते लिहा. बसायच्या जागेबद्दल त्यावरून नेमकं सांगता येईल.